‘टेंभुर्णीला कसला आलाय इतिहास?’

२०२० सालच्या जानेवारीत तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्षस्थानी होते. एका कॅथॉलिक धर्मगुरूला मराठी सारस्वताने दिलेला हा मान डोळ्यांनी पाहावा म्हणून आमच्यासारखे कितीतरी जण तेथे गेले होते. परतीच्या वाटेवर आम्ही चार धर्मगुरू टेंभुर्णीच्या नाक्यावर चहाला थांबलो. गप्पा वसईतील जुन्या चर्चेसच्या चालल्या होत्या. बोलता बोलता आम्ही म्हणालो, ‘या टेंभुर्णी-कुर्डुवाडी पट्ट्यात पांगलेल्या आपल्या कुटुंबांचा इतिहासही कोणीतरी लिहायला हवा.’ यावर आमचे एक बंधू धर्मगुरू कप खाली ठेवून म्हणाले, ‘फादर, टेंभुर्णीला कसला आलाय इतिहास? इथे ना पोर्तुगीजांचा दगड, ना कुठला शिलालेख!’ सगळे हसले. त्या हसण्यात आम्हीही सामील होतो, आणि प्रस्तुत लेख लिहिण्यास तेच कारण घडले आहे.

त्या बंधूंना दोष देण्यात अर्थ नाही. सेमिनरीत आम्हा सर्वांना ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवला गेला तो महासभांचा, पोपमहोदयांचा आणि पाखंडांचा. निसिया कोणत्या साली, काल्सेदोन कोणत्या साली, हे आम्ही झोपेतही सांगू. परंतु ज्या धर्मग्रामात उभे आयुष्य काढायचे तेथील पहिला स्नानसंस्कार कोणाचा झाला, हे विचारण्याची बुद्धी आम्हाला कोणी दिली नाही. परिणामी इतिहास म्हणजे दगड, आणि जेथे दगड नाही तेथे इतिहास नाही, असे समीकरण आमच्या डोक्यात पक्के बसले.

या समीकरणाला खुद्द वसईच खोटे पाडते. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी केवढी भव्य मंदिरे उभारली होती! १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला आणि आज त्यांतील बहुतेक मंदिरे छप्पर हरवून उभी आहेत. पर्यटक तेथे छायाचित्रे काढतात. याउलट किल्ल्याबाहेरच्या गावांतील चर्चेस आजही भरलेली आहेत. पापडीचे १५७४ सालचे कृपामातेचे चर्च घ्या. ते टिकले ते किल्ल्यातील दगडाहून त्याचा दगड अधिक कठीण होता म्हणून नव्हे. तेथली माणसे गाव सोडून गेली नाहीत. शेतावर राबणारी, मासे विकणारी, भाजीच्या पाट्या वाहणारी माणसे जेथे उरली तेथे चर्च उरले; आणि जेथे केवळ सत्ताधारी राहत होते तेथे भिंती उरल्या. वसईकरांच्या इतिहासाचे मर्म हे आहे. आम्ही देशावरचे लोक मात्र त्यांच्या दगडांचा हेवा करीत बसलो आहोत.

आता आमच्या स्मरणिकांकडे वळू. एखाद्या धर्मग्रामाचा रौप्य वा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. पहिल्या पानावर बिशपमहोदयांचा संदेश, दुसऱ्यावर विकर जनरल यांचा, तिसऱ्यावर स्थानिक आमदारांचा. पुढे आजवरच्या प्रमुख धर्मगुरूंची छायाचित्रांसह यादी. नंतर नव्या चर्चच्या बांधकामाला किती पोती सिमेंट लागले, फरशी कोठून आली, देणगीदार कोण, याचा तपशील. मग एका मेडिकल स्टोअरची आणि दोन मंडप कंत्राटदारांची जाहिरात. लोक कोठे आहेत? लोक शेवटच्या सामूहिक छायाचित्रात आहेत, नखाएवढ्या चेहऱ्यांचे, आणि खाली लिहिलेले असते ‘भाविकवर्ग’. आम्ही हे तिऱ्हाईतपणे लिहीत नाही. अशी एक स्मरणिका आम्ही स्वतः संपादित केली आहे आणि तिच्यात आमचे छायाचित्र चार ठिकाणी आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीचा सिद्धान्तग्रंथ प्रसृत केला तेव्हा धर्माधिकाऱ्यांच्या प्रकरणाआधी ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण घातले. हा क्रम सहज पडलेला नव्हता. त्यावर महासभेत खल झाला होता. आमच्या स्मरणिकांत मात्र साठ वर्षांनंतरही प्रजा शेवटच्या पानावर आहे.

मग टेंभुर्णीचा इतिहास कोठे सापडेल? आमच्या मते तो तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी तो आमच्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे. पहिले ठिकाण म्हणजे स्नानसंस्काराची नोंदवही. ट्रेंटच्या महासभेने १५६३ मध्ये विवाहांची नोंद ठेवणे प्रत्येक धर्मग्रामावर बंधनकारक केले आणि पुढे ही शिस्त जगभर पसरली. युरोपातील शेतमजुरांच्या पिढ्यांचा शोध घेणारे आज याच वह्यांवर विसंबतात. आमच्याकडे या वह्यांचे मोल त्याहूनही मोठे आहे, आणि ते का, हे एका घराच्या उदाहरणाने सांगतो.

टेंभुर्णीतील ज्या घरी आम्ही अधूनमधून मिस्सा अर्पण करतो त्या घरातील आजी मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. यजमान साखर कारखान्यात ट्रॅक्टर चालवीत. उजनीचे कालवे आले, ऊस आला, कारखाने आले, त्यांच्या मागोमाग हे कुटुंब सोलापूर जिल्ह्यात आले. मुलगा आता टेंभुर्णीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. नातीच्या विवाहाच्या वेळी आजींच्या माहेरच्या धर्मग्रामाशी आमचा पत्रव्यवहार झाला आणि एका जुन्या पानाची छायाप्रत आली. त्यावर लॅटिनमध्ये, तिरप्या अक्षरांत, आजींच्या आईचे नाव होते, तिच्या आईचे आणि बापाचे नाव होते, धर्ममातेचे नाव होते, गावही होते. या घराण्याचे नाव कोणत्याही सात-बारावर नाही, कारण जमीन नव्हती. शाळेच्या पटावर नाही, कारण शाळेत कोणी घेतले नव्हते. गावच्या दप्तरात असलेच तर बलुत्याच्या हिशेबापुरते. त्या बाईचे नाव तिच्या आईबापाच्या नावांसह, एक पूर्ण माणूस म्हणून, जगात पहिल्यांदा कोणी शाईने लिहिले असेल तर ते या वहीत. आम्ही ते पान आजींना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझ्या आईला गोदी म्हणत. तिचं नाव अ‍ॅना होतं, हे मला आज कळलं.’

हीच विनंती आम्ही दुसऱ्या एका कुटुंबासाठी दुसऱ्या एका धर्मग्रामाला केली होती. उत्तर आले की सदर वर्षांची वही वाळवीने खाल्ली आहे. वहीचे काय झाले, कधी झाले, कोणाच्या काळात झाले, याविषयी अवाक्षर नव्हते. त्या धर्मग्रामाच्या नव्या चर्चला मात्र इटालियन संगमरवर बसवला आहे. १९८३च्या धर्मविधिसंहितेतील ५३५वे कलम प्रत्येक धर्मग्रामात नोंदवह्या आणि दप्तर असावे आणि जुन्या वह्याही काळजीपूर्वक जतन कराव्यात, असे स्पष्ट बजावते. वह्या सांभाळणे हा प्रमुख धर्मगुरूचा छंद नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. संगमरवराविषयी त्या कलमात काही नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे मास्तरांच्या घरातील ट्रंक. आमच्या तरुण वाचकांपैकी कित्येकांना ‘मास्तर’ म्हणजे नेमके कोण हे आता सांगावे लागेल. गावोगावी राहून दिवसा शाळा, संध्याकाळी प्रार्थना, रविवारी धर्मशिक्षण, मधल्या वेळात आजाऱ्याला औषध, तंट्यात मध्यस्थी आणि मयताला खांदा, हे सर्व करणारा गृहस्थ म्हणजे मास्तर. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर येईलच असे नाही. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला आणि नगर-सोलापूरकडील खेड्यांत जर्मन व स्विस येशूसंघीय धर्मगुरू काम करू लागले. त्यांच्या त्यागाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. पण १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. हे जर्मन धर्मगुरू इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कित्येकांना स्थानबद्ध करण्यात आले, कित्येकांना मायदेशी पाठवण्यात आले. १९०७ पासून पुण्याचे बिशप असलेले हेन्रिक डोरिंग हेही जर्मन. त्यांची १९२१ मध्ये जपानातील हिरोशिमाला नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले. आता वाचकांनीच विचार करावा. धर्मगुरू उचलले गेले, वस्तीवर महिनोन्‌महिने मिस्सा नाही, अशा काळात त्या मातीच्या प्रार्थनामंदिरांत दिवा कोण लावीत होते? मुलांना ‘आमच्या बापा’ कोण शिकवीत होते? स्मरणिकांतील यादीत या वर्षांपुढे रिकामी जागा तरी असते किंवा शेजारच्या धर्मगुरूचे नाव तरी. मास्तरांची यादी आम्ही एकाही स्मरणिकेत पाहिलेली नाही. त्यांच्या रोजनिश्या, हजेरीपट, हाताने उतरवलेली भजने आजही कोणा नातवाच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत असतात, आणि घर बदलताना रद्दीत जातात.

तिसरे ठिकाण म्हणजे वृद्ध स्त्रियांची स्मरणशक्ती. त्याविषयी अधिक काय लिहावे! दर वर्षी आम्ही त्यातील काही पुरतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मराठी ख्रिस्ती समाजाचे जिवंत चित्रण करणारे सर्वश्रेष्ठ पुस्तक ना कोणा मिशनऱ्याने लिहिले, ना धर्मगुरूने. ते लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. लक्ष्मीबाई आमच्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, म्हणून काय झाले? शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईंनी राहुरीच्या ख्रिस्ती वस्तीत आपले सोवळेओवळे कसे गळत गेले हे आपलीच फजिती करून सांगितले आहे. आमच्या कोणत्या स्मरणिकेत एखाद्या सोवळ्याच्या गळण्याची हकिगत आहे? न गळण्याची तर नाहीच नाही.

टेंभुर्णीपासून उजनी धरण फार दूर नाही. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ११७ टीएमसी पाणी त्यात मावते. त्या पाण्याखाली गावेच्या गावे गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर वर येते, वर्तमानपत्रे त्याचे छायाचित्र छापतात, माणसे होड्यांतून पाहायला जातात. जावे, ते शिल्प पाहण्यासारखे आहे. पण त्याच गावांच्या गावकुसाबाहेर ज्या वस्त्या होत्या त्या कधीच वर येत नाहीत. मातीच्या भिंती आणि कुडाची घरे पाण्यात विरघळली. दगडाचे तेवढे उरले. आमच्या समाजाचा इतिहास बव्हंशी त्या विरघळणाऱ्या भिंतींआडचा आहे, म्हणून तो आपोआप वर येईल अशी वाट पाहत बसणे मूर्खपणाचे आहे.

उजनीच्या पाण्याकडे पाहताना आम्हाला वेल्समधील एका खेड्याची आठवण होते. उत्तर वेल्समध्ये ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचे गाव होते. नावातच ‘कापेल’, म्हणजे प्रार्थनामंदिर. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेत कायदा झाला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी तो झाला. १९६५ मध्ये घरे, शाळा, टपालकचेरी, प्रार्थनामंदिर आणि त्याचे कबरस्तान पाण्याखाली गेले. गाव जेमतेम डझनभर घरांचे. आमच्या बंधूंनी तेथेही विचारले असते, याला कसला आलाय इतिहास? परंतु त्या गावकऱ्यांनी गावाची आठवण बुडू दिली नाही. बुडालेल्या गावाचे दगड वापरून तलावाकाठी एक छोटे स्मारक प्रार्थनामंदिर उभारले गेले, काही थडग्यांचे दगड तेथे आणले गेले, नावे जपली गेली. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या महापालिकेने त्या घटनेबद्दल क्षमा मागितली. चाळीस वर्षे लोक विसरले नाहीत म्हणून ती क्षमा आली.

त्याच वेल्समधील दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. दक्षिणेकडील नदीकाठचे संत तेलो यांचे मध्ययुगीन चर्च ओस पडले होते. ते दगड न्‌ दगड उतरवून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात पुन्हा रचले गेले आणि २००७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सोळाव्या शतकात भिंतींवर जशी रंगीत चित्रे होती तशीच पुन्हा रंगवली आहेत. कारागिरी थक्क करणारी आहे. पण त्याला आता धर्मग्राम नाही, पाहुणे आहेत. दगड जपण्याची परमावधी झाली तरी ती संग्रहालयापर्यंतच पोहोचते. आमचे जे बांधव जुनी चर्चेस पाडून काँक्रीटची उभारतात त्यांच्यावर आम्ही टीका करतो खरी, परंतु केवळ जुनी वास्तू वाचवली म्हणजे इतिहास वाचला, असे म्हणणाऱ्यांशीही आमचे जमत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येतो. तो धर्मगुरूंचा नाही, लोकांचा आहे, आणि त्याला झटकून टाकण्याचा अधिकार आम्हाला नाही. वर सांगितलेल्या आजींना आम्ही विचारले, ‘हे सगळे लिहून काढू का?’ त्या म्हणाल्या, ‘लिवा की फादर. पर आमची नावं छापू नगा. पोराच्या दाखल्यावर दुसरं लिवलंय.’

या एका वाक्यात आमच्या समाजाचे दुखणे आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा भेद काढावा असे सुचवले. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातीचा दाखला नाकारताना स्नानसंस्काराची नोंद विचारात घेतली. म्हणजे जी वही आजींच्या आईला प्रथम माणूस म्हणून ओळखते, तीच वही नातवाच्या हातचा घास काढून घेऊ शकते. अशा स्थितीत लोक नाव लपवतात म्हणून त्यांना भित्रे म्हणणारा धर्मगुरू पोटभर जेवलेला असला पाहिजे.

खोटेपणाचे समर्थन आम्ही करीत नाही. पण माणसाला भाकरी आणि विश्वास यांपैकी एक निवडायला लावणारा कायदा अन्याय्य आहे, असे आम्ही या पानांवरून स्पष्ट म्हणतो. त्याच बरोबर हेही म्हणतो की कायद्याकडे बोट दाखवून आमचे हात स्वच्छ होत नाहीत. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता पाळली जाते हे त्यात मान्य केले. टेंभुर्णीच्या वाटेवरूनच पंढरपूरला जातात. तेथे महाद्वारात नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. हयातभर ज्याला आत घेतले नाही त्याला दारात जागा मिळाली, हे आम्ही प्रवचनात मोठ्या समाधानाने सांगतो. आमच्या स्वतःच्या मंदिरांत कोण कोठे बसत असे, कबरस्तानात कोणाला कोणती बाजू मिळाली, विवाह कोणाकोणांत होत नाहीत, हे मात्र सांगत नाही. गावच्या चर्चचा खरा इतिहास लिहायचा झाला तर हे लिहावे लागेल, आणि स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदाला ते मानवणार नाही. इतिहास नाही म्हणून आम्ही तो लिहीत नाही, असे नव्हे. आहे तो लिहिण्याजोगा धीर आम्हाला नाही.

‘पण फादर, वेळ कोणाला आहे?’ असेही विचारले जाते. बांधकाम समितीच्या बैठकांना आम्हाला वेळ असतो. तेव्हा हा आक्षेप येथेच सोडून देतो.

लिहिणे आणि छापणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आजींनीच आम्हाला शिकवले. त्यांच्या म्हणण्यावरून आम्ही एक रीत पाडली आहे. मिस्सेला जाताना एक जाड वही बरोबर नेतो आणि ती महिनाभर त्या घरी ठेवतो. घरातील मंडळींनी आपल्या हाताने किंवा मुलांकडून लिहून घ्यायचे: कोण कोठून आले, कोणाचा स्नानसंस्कार कोठे झाला, दुष्काळात काय खाल्ले, कोणत्या मास्तरांनी अक्षर शिकवले, चर्चने काय दिले आणि काय दिले नाही. वही कुलपात राहते. ज्या घराने संमती दिली त्याचेच पान पुढे कधी छापले जाईल. जुन्या नोंदवह्यांच्या पानांची छायाचित्रे घेण्याचे कामही आम्ही आमच्यापुरते सुरू केले आहे. त्याला पैसा लागत नाही, हल्ली कोणाच्याही खिशातला फोन पुरतो.

पहिली वही गेल्या पावसाळ्यात परत आली. अकरा पाने भरली होती. आजींच्या सुनेने नीटस अक्षरात लिहिले होते. सहाव्या पानावर, सासऱ्यांच्या मृत्यूच्या हकिगतीत, असे आहे की निरोप दोनदा धाडूनही फादर आले नाहीत. शेवटी घरच्यांनीच माळेची प्रार्थना म्हणून मयत उचलले. तारीख दिली आहे. त्या तारखेला त्या भागाची जबाबदारी आमच्याकडे होती. ते पान छापण्यास कुटुंबाने संमती दिली आहे.